डाव्या मडगार्डावरची पाच बोटं

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण बाकीचा सगळा कसाबसा निस्तरला गेला. एक तेवढा शिल्लक आहे. चेन्नईला, अड्यारमध्ये, माझ्या व्याह्यांच्या लाल गाडीच्या डाव्या मडगार्डावर तो अजून आहे, आणि उन्हात स्वच्छ दिसतो. तेव्हा मी पन्नाशीत होते. म्हणजे आपल्याला अक्कल आली असा गैरसमज होण्याचं वय.

मिलिमीटर नावाची गोष्ट जगात असते हे आपण सगळेच शाळेत शिकतो आणि सोडून देतो. व्याह्यांनी ती मनाला लावून घेतली. मोटारींच्या कारखान्यांत नोकरी, शेवटची वर्षं चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला, आणि काम एकच: गाडीचं दार आणि बॉडी यांच्यात किती फट आहे ते तपासायचं. निवृत्त झाल्यावर तपासायला मोटारी उरल्या नाहीत, म्हणून ते आमच्याकडे वळले. माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झालेली, मांडव अक्षता घेऊन उभा, आणि नवऱ्यामुलाचे वडील वाकून अंतरपाटाचा डावा कोपरा वर ओढतायत! "वांकडा आहे हो," ते भटजींना म्हणाले. "तुम्ही म्हणा. मी धरितों." शेवटच्या 'सावधान'पर्यंत त्यांनी तो कोपरा सोडला नाही. फोटोत नवरानवरीपेक्षा अंतरपाटच जास्त नीट आलाय. घरी डोसा कडेला पातळ आणि मध्ये जाड झाला, तर खात सगळा, पण विहीणबाईंकडे असं बघत, की दुसरा डोसा ती माउली कंपासनं आखल्यासारखा घाली. त्यांचं मराठी तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. पहिल्या भेटीत मी पदराआड हसले होते. मी म्हणजे सांगलीहून शुद्ध मराठीचा डबा भरून घेऊन आलेली!

अशा माणसानं म्हातारपणी एक जुनी, दोन दारांची, दोनच माणसांची जपानी स्पोर्ट्स कार घेतली. तिला रुंद टायर हवेत, म्हणून रुंद मडगार्डंही हवीत, आणि ती आपण घरीच बसवणार, असं जाहीर केलं. फायबरची मडगार्डं गोधड्यांत गुंडाळून लॉरीतून आली. ती किती रुंद असावीत हे इतर लोक टायरवरून ठरवत असतील. ह्यांनी घराच्या गेटावरून ठरवलं. गाडी बाहेर पडताना दोन्ही खांबांपाशी दोन-दोन बोटं जागा राहिली पाहिजे, बस्स. मग मूळचा पत्रा कापायचा होता. पत्र्यावर चिकटपट्टीची रेघ ओढून ते कित्येक दिवस तिच्यासमोर स्टूल टाकून नुसते बसले, कारण एकदा कापलं की कापलं. राहुकाळावर आपला विश्वास नाही असं ते सांगत. ग्राइंडर मात्र राहुकाळ टळल्यावरच सुरू झाला.

हे चालू असतानाच माझ्या लेकीला दिवस गेले आणि मी चेन्नईतच तिच्या वेलचेरीच्या फ्लॅटवर येऊन राहिले. बारसं अड्यारच्या घरी व्हायचं होतं. तिथे पोर्चभर फायबर घासल्याची पूड, अंगाला लागली की खाज सुटणारी. विहीणबाईंनी एक दिवस, आवाज जराही न चढवता, सांगून टाकलं, "दसऱ्याच्या सकाळीं गाडी आपल्या चाकांवर गेटाबाहेर गेली, तर तुमची. नाहीं तर भंगारवाल्याची. बाळास ही पूड नको." त्या दिवसापासून व्याह्यांनी दुपारची झोप सोडली.

खंडेनवमी उजाडली. तिकडे ती आयुधपूजा. रिक्षापासून कात्रीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. तीन मडगार्डं रंगवून, बसवून झाली होती. पुढचं डावं तेवढं राहिलं होतं. व्याह्यांनी ते घासलं, थिनरनं पुसलं, "कोणीं हात लावूं नये" असं मराठीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत बजावलं आणि ते जेवायला गेले. पूजेसाठी अड्यारला आलेली मी नुकतीच समईत तेल घालून बाहेर आले होते. मनात म्हटलं, घरातल्या स्क्रूड्रायव्हरलासुद्धा कुंकू, आणि हे बिचारं कोरंच? आमच्याकडे नव्या गाडीवर हळदीचा हात उमटवतात. उमटवला. आणि मग ती तीन भाषांतली ताकीद आठवली. मग मी स्वतःला फार हुशार समजणारी बाई जे करते तेच केलं: पदरानं पुसलं आणि गप्प बसले. हळद गेली. तेल कुठे दिसतं?

दुपारी पोर्चला ओल्या चादरी बांधल्या, जमिनीवर पाणी मारलं, कॉम्प्रेसर घरघरू लागला. मी दाराआडून बघत होते. लाल रंगाचा पहिला थर बसला, अगदी तुळतुळीत. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच रंग एका जागी आकसायला लागला. बारीक भोकं पडली, भोकाला भोक मिळालं, आणि चार बोटं नि अंगठा असा माझा अख्खा हात डोळ्यांदेखत वर आला. व्याह्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. ते वाकले. कारखान्यात वाकत असतील तसेच.

"तेल," ते म्हणाले. मग नाक आणखी जवळ नेऊन, "उजवा हात. बायकांचा. अनामिकेंत आंगठी."

विहीणबाई बोटांत काही घालत नसत. मी हात पदराखाली लपवला. म्हणजे सहीच केली म्हणा ना.

"मी पुसलं होतं हो!" मी म्हणाले.

"अय्यो विहीणबाई! लाविलें, तें असूं दे, परवाइल्लै. पुसलें, तें सांगायाचें होतें. एक चिंधी अन् थिनर, इतकेंच काम!"

आता सगळं खरवडून पुन्हा रंगवायचं, तर दसऱ्याची सकाळ हातची जाणार. ते स्टुलावर बसले. मडगार्डाकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं. "बोटांसकट बसवूं," म्हणाले. भर मांडवात अंतरपाट सरळ करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला वाटलं, त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या सकाळी भंगारवाला खरोखरच हातगाडी घेऊन गेटाबाहेर हजर. विहीणबाईंनी बोलावलं होतं. शब्द म्हणजे शब्द. एका हातात त्यांच्या आरतीचं तबक होतं, पण कोणासाठी ते त्यांनाही अजून माहीत नव्हतं. चाकांखाली लिंबं ठेवली. व्याह्यांनी मला डाव्या खांबाशी उभं केलं. "तुमचा हात पाहिला. आतां डोळा दाखवा." गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. लिंबं फुटली. उजवीकडे दोन बोटं, डावीकडे दोन बोटं. भंगारवालासुद्धा श्वास रोखून उभा. आणि मला दिसलं, की खांबावरची लोखंडी कडी आडवी पुढे आलेली आहे. व्याह्यांनी खांब मोजले होते. कडी मोजायची राहिली होती!

"निल्लुंग!" मी किंचाळले. थांबा म्हणायला मला एवढंच तमिळ येत होतं.

गाडी थांबली. मी ती कडी वर फिरवली, तळहातानं खांबाशी दाबून धरली आणि मान हलवली. मडगार्ड माझ्या बोटांना वारा घालत पुढे गेलं. माझ्या हाताखालून माझाच हात गेला. गाडी रस्त्यावर आली, तेव्हा आधी भंगारवाल्यानं टाळ्या वाजवल्या, मग विहीणबाईंनी तबक ओवाळलं, आणि डोळे पुसायला आत निघून गेल्या.

तेव्हा पोटात असलेला नातू आता कॉलेजात जातो. गाडी त्याच पोर्चमध्ये आहे. व्याह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला आणि हळूहळू त्यांना मिलिमीटर, मग इंच, मग माणसंही दिसेनाशी झाली. डाव्या मडगार्डाला पुन्हा रंग मात्र त्यांनी कधी दिला नाही. दर वर्षी मीच विषय काढायचा आणि त्यांनी हसायचं. गेल्या खंडेनवमीला ते भिंत धरत धरत पोर्चमध्ये आले. मी मागोमाग, पडतील म्हणून. गाडीवरून हात फिरवत फिरवत ते एका जागी थांबले. मी म्हटलं, "अहो, आता तरी तो डाग काढून घ्या. मला लाज वाटते." त्यांनी आपली बोटं मडगार्डावरच्या माझ्या बोटांवर नीट बसवली आणि म्हणाले,

"नको, विहीणबाई. तुमचीं बोटें हातास लागलीं, म्हणजे हें पुढचें डावें चाक. दार इथून दीड हात. या, बसा."