कठड्याची नोंद

आपली स्मरणशक्ती दांडगी आहे, असा मला तरुणपणी फार माज होता. त्यापायी मी अर्ध्या गोष्टी लिहूनच ठेवत नसे.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका संशोधन कार्यालयात होतो. विहिरींचं पाणी किती खोल जातं, याचा आमचा अभ्यास चालू होता. रामटेकजवळ धानाची शेती करणाऱ्या एक काकू दर सोमवारी कठड्यावरून मोजपट्टी सोडून आपल्या विहिरीचं माप घेत. आकडे तेवढे त्यांना लिहिता येत. दर महिन्याला मी ते उतरवून आणायचो.

तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "कठडा हातभर वर घेतला, भाऊ. वासरू पडता पडता वाचलं. लिहून ठेवजा."

माझ्या हातात चहाचा कप होता आणि एसटीची वेळ झाली होती. लक्षात राहील, म्हणालो.

पुढे मला कार्यालयातच टेबलाचं काम मिळालं आणि वह्या एका नव्या संशोधक मुलीकडे गेल्या. एके दिवशी तिने साहेबांना विचारलं, आजूबाजूच्या विहिरी जिथल्या तिथे असताना तिसऱ्या वर्षी काकूंच्याच विहिरीचं पाणी एका आठवड्यात हातभर खाली कसं गेलं? साहेबांनी वही चाळली. बाई घरी बसून आकडे टाकते, म्हणाले, काढून टाका ही विहीर.

मी तिथेच उभा होतो. वासरू मला त्याच क्षणी आठवलं; पाणी खाली गेलं नव्हतं, कठडा वर गेला होता. पण माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी तोंड उघडलं नाही. त्या मुलीने सहा वर्षांच्या आकड्यांवर लाल पेन्सिलीने रेघ मारली.

दोन वर्षांनी रामटेकला गेलो, तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवून काकूंकडे वळलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला विहिरीपाशी नेलं. कठड्याच्या आतल्या बाजूला, जुन्या दगडांवर नवी वीट चढली होती तिथे, गेरूची ठळक रेघ होती. दरवर्षी त्या ती नव्याने ओढत.

"तुम्ही विसरान असं वाटलं मले, म्हणून खूण करून ठेवली," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "माह्या आकड्यायचं काय झालं, भाऊ?"

"कामी येऊन राहिले," मी म्हणालो.

त्यांना फार बरं वाटलं. सोमवार होता. त्यांनी मोजपट्टी विहिरीत सोडली आणि आकडा वहीत लिहिला.