एककाखाली एकक

दरोडे आणि खून मी बरेच हाताळले. त्यातले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. विहिरींच्या पाण्याच्या एका तक्त्याची केस मात्र पहिल्या जबाबापासून आठवते.

बहात्तरचा दुष्काळ होता. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, खर्ड्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावचे सरपंच आत आले.

"सायेब, आमच्या हिरीत बारा फूट पानी हाय म्हनं. चला, पवायला येता का?"

हसू आले, पण माणूस रडकुंडीला आला होता. तलाठ्याच्या हस्तलिखित अहवालात त्यांच्या विहिरीत दोन फूट पाणी होते आणि शेजारच्या गावात बारा. तहसील कचेरीतून टाईप होऊन नगरला गेलेल्या तक्त्यात नेमके उलटे झाले होते. टँकर शेजारी जात होता आणि यांच्या बाया हंडे घेऊन तीन मैल चालत होत्या.

मी बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. तक्त्याच्या तळाशी टाईप करणाऱ्या बाईंची आद्याक्षरे होती. आरोपी हातात आलाच, असे मी धरून चाललो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून दोन पंच घेऊन मीच कचेरीत गेलो. बाई तिशीच्या, नगरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या पहिल्या सरकारी नोकर, आणि नेमणूक हंगामी. गुन्हा अंगावर आला असता तर ती नोकरी गेलीच होती. त्या रडतील असे मला वाटले. त्या कागद बघून चिडल्या.

"साहेब, मला लबाड म्हणायचं तर म्हणा. पण हे काम माझं म्हणू नका."

"का?"

"आकडे बघा ना. वर बारा आहे आणि खालचा दोन त्यातल्या एकाच्या खाली आलाय. एककाखाली एकक पाहिजे. असं टाईप केलं असतं तर आमच्या सरांनी कागद फाडून टाकला असता."

मी म्हटले, करून दाखवा. त्यांनी रकान्यांच्या खुणा लावल्या. कळ दाबली की मशीनची गाडी सरळ रकान्यावर जाऊन थांबे. एक अंकी आकडा आला की त्या आधी एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, मोकळे सोडत. शंभराखाली नव्वद, नव्वदाखाली सात, सगळे उजव्या कडेला सरळ. पंधरा मिनिटे मी तपास विसरून नुसता बघत होतो.

तरी पोलिसाचे मन. मुद्दाम वाकडे केले असेल तर? तेवढ्यात आमच्या जमादाराने चहाच्या टपरीवरून खबर आणली. कचेरीचा शिपाई म्हणाला होता, "रविवारी अण्णांनी मला कुलूप काढाया लावलं हुतं." अण्णा म्हणजे तिथले अव्वल कारकून.

अण्णांना ठाण्यात बोलावले. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मी त्या मशीनला हातसुद्धा लावत नाही." चोराच्या मनात चांदणे. मी आवाज चढवला नाही. नगरला गेलेला तक्ता आणि बाईंनी माझ्यासमोर केलेला, असे दोन्ही कागद पुढे ठेवले.

"अण्णा, तुम्ही जाणते. यातला नीट कोणता?"

त्यांनी लगेच पहिल्यावर बोट ठेवले. "हा. डावीकडून कसे ओळंब्यात आहेत बघा. प्रत्येक गावाच्या नावापुढं घरं मोजून सोडावी लागतात, सोपं नाही ते."

"तुम्ही मोजली?"

अण्णांनी पाणी मागितले. मग सांगू लागले. शेजारचे गाव म्हणजे त्यांची सासुरवाडी. मेहुणे रोज दारात येऊन बसत. आकडा खोडला तर दिसला असता, म्हणून त्यांनी अख्खे पान नव्याने टाईप केले आणि खाली बाईंची अक्षरेही टाकली. मला त्यांची दयाही आली आणि रागही.

चौथ्या दिवशी टँकर सरपंचांच्या गावात गेला. बाईंची नोकरी राहिली. महिन्याभराने त्या ठाण्यात आल्या आणि तोच तक्ता नीट टाईप करून पुढे ठेवला.

"हा घ्या आणि तो मला द्या. त्याच्याखाली माझी अक्षरं आहेत."

"बाई, तो मुद्देमाल आहे. आता तो कोर्टाचा."

"म्हणजे पुढं कधी कुणी फाईल उघडली, तर मी असंच टाईप करायचे असं वाटणार त्याला."

निर्दोष ठरवले की माणूस मोकळा झाला, असे आम्ही पोलीस समजतो. त्याचे काय काय आपल्याच कपाटात अडकून पडते, हे मला तेव्हा कळले आणि लाज वाटली.

त्या दिवशी केस डायरीत मी एक ओळ जास्तीची लिहिली: सदर तक्ता बाईंनी केलेला नसून, त्यांचे काम याहून पुष्कळ चांगले आहे. वरिष्ठांनी तिच्यासमोर लाल शाईने 'अनावश्यक' असा शेरा मारला. ओळ मात्र मी खोडली नाही.