हबला नक्काशाची डावी बाजू

श्रीनगरात नवाकदलला एक गालिच्यांचा कारखाना होता, तिथं सोनाउल्ला तालीम वाचायचा. तालीम म्हणजे गालिच्याची लिपी. कुठल्या रंगाच्या किती गाठी, ते बारक्या खुणांनी लिहिलेलं. सोना ती गाऊन सांगे, "दोन लाल, एक हिरवी, तीन पांढऱ्या," आणि मागावरचे विणकर "हं" म्हणत गाठी मारत. आवाज असा, की झेलमवरचे नावाडी वल्हं थांबवून ऐकत. हे अर्थात सोनाच सांगायचा! त्याचं डोकं म्हणजे शब्द आणि आकडे. घरचा रस्ता विचारला तरी म्हणणार, "पुलापासून बेचाळीस पावलं, मग उजवीकडं एकोणीस."

हबला नक्काशाला मात्र रस्ता धड सांगता यायचा नाही. "इकडून असं... मग तसं," म्हणत तो काठीनं बर्फात रेघा ओढायचा, आणि पाहुणा नेमका दारात! गालिच्याची चित्रं हबला काढी आणि त्यांवरून तालीम लिहिली जाई. म्हणजे सोना जन्मभर गायला, ते हबल्याच्या डोळ्यांतलं. हे त्याला फार झोंबायचं.

"हबलाभाई नुसतं पाहतात, तुम्हाला मोजावं लागतं," बायको खतिज एकदा सहज बोलून गेली. सोना तीन दिवस तिच्याशी बोलला नाही.

कारखान्याचा मालक वोस्ता रसूल हबल्याला खिडकीपाशी गादीवर बसवी. सोना चटईवर, मागाच्या टोकाला. त्या गादीपायी तो वीस वर्षं आतल्या आत जळत होता.

एका हिवाळ्यात हबल्याला कांगडीच्या निखाऱ्यांवर हात शेकत बसल्या बसल्या घेरी आली. दोन आठवडे अंथरुणात काढून तो कामावर आला. डावा हात थोडा जड, बाकी गडी हसतमुख. चित्रंही तशीच सुरेख, फक्त उजवी अर्धी. पण ते कुणाला कळणार? गालिच्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्या की नक्काश अर्धंच चित्र काढतो. उरलेलं अर्धं तालीमवाला उलटं वाचून विणवून घेतो. आजार असा धंद्याच्या रीतीत लपून बसला.

तो उघडा पडला एका लग्नात. एका त्रामीवर, म्हणजे तांब्याच्या मोठ्या ताटावर, चौघं जेवायला बसले, प्रत्येकानं आपला चतकोर खायचा. हबल्याच्या उजव्या हाताला सोना. हबल्यानं आपल्या वाट्याचा उजवीकडचा अर्धा भात संपवला आणि खुशाल सोनाच्या वाट्यात हात घातला.

"अरे, ती माझी तबकमाजची बरगडी! वोस्तानं गादी दिली म्हणून माझं ताटही देऊन टाकलं का?"

"माझं संपलं रे. वाढप्यानं हात आखडलाय बघ आज."

"संपलं? डाव्या हाताशी कबाब लोळतोय, तो काय शोभेला ठेवलाय?"

रागाच्या भरात सोनानं भरल्या पंगतीत त्रामीच फिरवली. हबल्याचा चेहरा उजळला. "वा! हा कबाब आला कुठून?"

सोनाचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो हबल्याला घेऊन इस्पितळात गेला. काळजीनं म्हणाल, तर तसं नव्हे. हबला खरंच निकामी झालाय, याची त्याला खात्री करून घ्यायची होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सोनाला बाजूला घेतलं. "काका, डोळे ठीक आहेत. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय. डावीकडं काही आहे याची दखलच त्यांचं मन घेत नाही. आणि आपण ती घेत नाही, हेही त्यांना कळत नाही."

"आणि शब्द, मोजणं, ते कुठं असतं?"

"बहुतेकांचं डाव्या भागात. पण अशी सरळ वाटणी नसते हो, दोन्ही भाग एकमेकांच्या हाताखाली राबतात."

सोनानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. आपला भाग शाबूत! परत येताना तो तालीम गुणगुणत होता.

आणि संधीही चालून आली. वोस्ताकडं झाडाच्या गालिच्याची मागणी आली. एकच मोठं झाड, फांद्यांवर पाखरं, डावं-उजवं अजिबात सारखं नाही. "शुक्रवारी नमाजनंतर कागद बघायला येतो," वोस्तानं बजावलं. "हबल्याच्यानं झालं नाही, तर गादी सोनाची."

शुक्रवारी सकाळी हबल्यानं कागद पुढं केला. "झालं!" उजवीकडं झाड असं डवरलेलं, की पाखरू आता उडेल. डावीकडं कोरा कागद.

सोनानं फक्त गप्प बसायचं होतं. पण त्याला वाटलं, उरलेलं आपणच काढू, म्हणजे गादी भीक म्हणून नको घ्यायला. तो कागद घेऊन कोपऱ्यात बसला. इथं फांदी, तिथं तीन पानं, त्याखाली बुलबुल, हे सगळं त्याला तोंडानं सांगता येत होतं. हातानं काढलं तर फांदीचा केरसुणीसारखा फराटा झाला. बुलबुल तर लसणाच्या गड्ड्यासारखा. त्याला पुढचं दिसू लागलं. गादी मिळाली तर आठवड्यात सारं नवाकदल हसेल!

त्यानं फराटे पुसून टाकले. दातओठ खात तो हबल्यापाशी गेला आणि कागद फिरवून, वरचं टोक खाली करून पुढं ठेवला. कोरी बाजू आता हबल्याच्या उजवीकडं आली.

"अरेच्चा, इथं राहिलंच की!" हबला म्हणाला.

"काढ. झाड डोक्यावर उभं आहे, ध्यानात ठेव. मी सांगतो." आणि सोना तालमीच्या चालीवर गाऊ लागला, "एक फांदी खाली, तीन पानं, एक बुलबुल..." हबल्याचा हात त्या सुरावर चालत राहिला. उलटं झाड, उलटी पाखरं, आणि तीही आधी काढलेल्यांहून देखणी! गाता गाता सोनाचं काळीज करपत होतं.

वोस्ता आला. त्यानं कागद उजेडात धरला आणि हबल्याचा हात उचलून डोळ्यांना लावला.

"वोस्ता," सोनाच्यानं राहवेना, "डाव्या बाजूला मी..."

"हो, हो," हबला हसला. "मी काम संपवून बसलो होतो, हा मध्येच कागद उलटा करून गायला लागला. गळा गोड आहे म्हणून सोसलं."

वोस्ता खो खो हसला. सोना संतापानं काळानिळा झाला, आणि वोस्ता गेल्यावर हबल्यावर ओरडला, "बरं, पुढचा कागद काढ! आणि आधी माझ्याकडं दे, तुझी ती डावी बाजू मला बघू दे."

पुढं चार वर्षं तो कागद फिरवत राहिला. प्रत्येक वेळी तितकाच जळत.