झुंबरबाईचं चौथीपर्यंतचं शिक्षण

तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली झुंबरबाई वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी शाळेत बसायला लागली. पटावर तिचं नाव नव्हतं. पटावर होती तिची मुलगी, प्रतिभा. ही १९९८ सालची गोष्ट.

प्रतिभाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वाडीची शाळा एका खोलीची, चौथीपर्यंतची. शिक्षक एकच, लोणीकडून बदलून आलेले रामनाथ गुरुजी. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "चार वर्ग मी एकटा बघतो. हिला हाक मारली तर कळत नाही. हिच्याजवळ कुणी बसणार असेल तर नाव घालतो."

"मी बसते की," झुंबरबाई म्हणाली.

गुरुजींना वाटलं, दोन दिवस बसेल. ती चार वर्षं बसली. सतरंजीच्या कडेला, लेकीच्या मागे. गुरुजी वाचायला लागले की ती वाकून पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवायची. फळ्यावर काही लिहिलं की पोरीचा खांदा दाबायची. भातलावणीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर ती खाचरात उतरायची, तेव्हा बाया टपूनच असायच्या.

"आल्या का शिकून? म्हना पाडे!"

"बे एके बे म्हन गं झुंबर, लावनी तरी उरकंल."

ती हसून पदर खोचायची. सासू कोंडाबाई मात्र हसायची नाही. "पोरगी मुकी आन आई खुळी. माज्या ल्योकानं, भागूनं, कुनाकुनाला सांभाळायचं?"

गुरुजी मनानं वाईट नव्हते. त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे एक सल्ला दिला. "घरात हातांच्या खुणा करत जाऊ नका. खुणांची सवय लागली की ती कधीच बोलणार नाही."

तोवर मायलेकींच्या कितीतरी खुणा होत्या. डोक्याशी दोन मुठी म्हणजे म्हैस. ओठावर मिशीचा पीळ म्हणजे बाप. चिमूट जिभेला टेकवणं म्हणजे मीठ. झुंबरबाईनं सगळ्या बंद केल्या. पोरीनं हात हलवले की ही तोंड फिरवायची. "सहा म्हैने रडली," तिनं मला पुढं सांगितलं. "माजं तोंड धरून आपल्याकडं वळवायची. मी न्हाई बघितलं. म्हनलं, तिच्या भल्याचं हाय."

प्रतिभाचं अक्षर छापल्यासारखं होतं. शिरोरेघ सरळ, वेलांटी जिथल्या तिथं. गुरुजी इतर पोरांना तिची वही दाखवून लाजवायचे. दरवर्षी ती पास होत गेली. चौथीनंतर मात्र पाचवी तळेघरला, मोठ्या शाळेत. तिथं आईला वर्गात कोण बसू देणार? पुढं काय, हाच एक प्रश्न झुंबरबाईच्या डोक्यात होता.

फेब्रुवारी २००२ मध्ये घोडेगावला अपंग विद्यार्थ्यांचं तपासणी शिबिर भरलं. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकता कामाला लागलो होतो. कान तपासायचं यंत्र माझ्याकडे होतं. झुंबरबाई लेकीला घेऊन आली. फॉर्म समोर ठेवत कारकून म्हणाला, "अंगठा इथं." तिनं फॉर्म उचलला, एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

मी प्रतिभाच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, हे करून दाखवलं. मी आवाज सोडला, तिनं बोट वर केलं. आवाज कमी केला, तरी बोट वर. आणखी कमी केला, तरीही. मला वाटलं, या मुलीचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. झुंबरबाईचे डोळे चमकले. "येतंय न्हवं का वो ऐकू?"

मग माझ्या लक्षात आलं. प्रतिभा माझ्या बटणावरच्या हाताकडे बघत होती. हात हलला की तिचं बोट वर जात होतं. मी तिची खुर्ची उलटी फिरवली आणि पुन्हा आवाज सोडला. यंत्राचा सगळ्यात मोठा आवाज दिला. बोट मांडीवरच राहिलं.

पुण्यातल्या मूकबधिरांच्या एका निवासी शाळेचा पत्ता मीच दिला. म्हणून जूनमध्ये मीही बरोबर गेलो. झुंबरबाईनं पिशवीत चार वर्षांच्या अकरा वह्या आणल्या होत्या. वर्गात ओळीवर बोट कसं ठेवायची ते ती सांगत होती, तोवर तिथल्या मोठ्या बाईंनी त्या शांतपणे चाळल्या. मग टेबलावर कंगवा, चमचा आणि पेन ठेवलं आणि 'कंगवा' लिहिलेली पाटी प्रतिभापुढे धरली. काय ते उचल, असं हातानं सांगितलं.

प्रतिभानं पेन उचललं. पोरीनं टोपण काढलं आणि समोरच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं, 'कंगवा'. मग मान वर करून शाबासकीची वाट बघत राहिली.

बाईंनी तीन वेळा करून बघितलं. मग म्हणाल्या, "ती अक्षरं रांगोळीसारखी काढते. एकाही शब्दाचा अर्थ तिच्यापर्यंत पोचलेला नाही."

"आवो पन चौथी पास झाली ती!"

"तुम्ही ओळीवर बोट ठेवत होता. तिनं त्या ओळी काढल्या."

बाईंनी पुढं जे सांगितलं ते सोपं आणि भयंकर होतं. त्यांचा पहिला वर्ग चार-पाच वर्षांच्या मुलांचा. सात वर्षांपुढचं मूल घ्यायला त्यांना परवानगी नव्हती. प्रतिभा दहाची होती. निघताना त्यांनी विचारलं, "घरी तिच्याशी कशा बोलता?"

"न्हाई बोलत. गुरुजींनी बंद करायला सांगितलं व्हतं."

बाईंनी वह्या तिच्याकडे सरकवल्या. "त्या खुणा परत सुरू करा. आधी वस्तू, मग खूण, मग शब्द. उशीर झालाय, पण तेवढंच आता हातात आहे."

परतीच्या एसटीत झुंबरबाई खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलली. "शिकायचं तिनं व्हतं भाऊ, आन शिकले मी."

दिवाळीनंतर मी श्रवणयंत्राचे कानातले साचे घेऊन वाडीवर गेलो. यंत्रानं प्रतिभाला फार तर धप्प असं काही जाणवलं असतं, तरी मी गेलो. पाचवीत नाव घातलेलंच नव्हतं. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. झुंबरबाईच्या पुढ्यात पाटी, बाजूला वाटीत खडेमीठ.

तिनं एक खडा पोरीच्या जिभेवर ठेवला. पोरीनं तोंड वाकडं केलं. झुंबरबाईनं चिमूट जिभेला टेकवून खूण केली आणि पाटीवरच्या 'मीठ' या शब्दावर बोट ठेवलं. प्रतिभानं खूण बघितलीच नाही. तिनं पेन्सिल घेतली आणि खाली पाच वेळा 'मीठ' लिहिलं. पाचही सारखे.

"खुना सगळ्या इसरली," झुंबरबाई म्हणाली. "मीच इसरायला लावल्या. आता मी हात हलवला की ती तोंड फिरवती."

"किती दिवस चाललंय?"

"लावनी झाल्यापासनं. दुसरा शब्दच घेतला न्हाई."

मला यंत्रांबद्दल पुष्कळ सांगता आलं असतं. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी साचे पिशवीतच ठेवले.

झुंबरबाईनं पदराच्या टोकानं पाटी पुसली. या वेळी तिनं पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या कमरेला खोचली. वाटीतला खडा उचलून पोरीच्या ओठांशी नेला. प्रतिभानं दात घट्ट आवळले. रिकाम्या हाताचं बोट ओट्याच्या धुळीवर फिरवत ती अक्षर काढायला लागली. झुंबरबाईनं ते बोट धरलं आणि सोडलं नाही.