रिठ्याच्या पाण्याची वार्ता

किस्से कुणी मुद्दाम करत नसतं. घराच्या कोपऱ्यात जाळं धरतं तसे ते धरतात. एक झाडावं तर दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरं हजर! त्यात माझ्या अंगणात बायकांनी चूल मांडलेली, वर रिठ्याचं पातेलं, भोवती सगळ्यांची तोंडं एकदम सुरू. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. मला लिहायचा कंटाळा. पण हे कुणाला सांगितलं नाही तर पोटात दुखेल.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. आमच्या गावात, चाकूरपासून जवळच, शांता शाळेत खिचडी शिजवते. पोरं तिला मावशी म्हणतात. शाळेची मोठाली पातेली ती पावडरनं घासायची. त्या पावडरनं तिचे हात असे फुटले की बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. पोरांच्या आयांनी ते बघितलं आणि तक्रार केली, "असल्या हाताचं आमच्या लेकरांना नको."

शाळेच्या समितीचा अध्यक्ष लगेच म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीनंतर हात बघू. सुधारले तर ठीक, न्हाईतर दुसरी बाई बघू."

डॉक्टरनं मलम दिलं, पातेली घासायला रबरी हातमोजे सांगितले आणि म्हणाला, पावडर-साबण हाताला लावू नको, काहीतरी सौम्य वापर. मोजे मिळाले. सौम्य कुठं मिळतं ते डॉक्टरनं सांगितलं नाही.

तेव्हा आमची गयाबाई, म्हणजे माझी बायको, पदर खोचून उठली. बचत गटातर्फे लातूरला हँडवॉशचं ट्रेनिंग करून आली होती. रिठे, शिकेकाई, कडुलिंबाचा पाला, कोरफड. मी म्हणालो, "हात धुवायला ट्रेनिंग? आमचा बाप राखेनं हात धुऊन म्हातारा झाला!"

ती म्हणाली, "म्हणूनच तर जेवताना सगळे त्याच्यापासून लांब बसायचे!"

*

पहिलं पातेलं झालं त्या दिवशी मला धोतर सापडेना. दोरीवर नाही, पेटीत नाही. अंगणात आलो तर माझं धोतर पातेल्यावर ताणलेलं, दोन बाजूंनी गटातल्या दोघी धरून उभ्या, मधून तपकिरी पाणी गळतंय!

"अगं, हे काय करायलाव?"

"गाळायलोय. तुमचं धोतर लई मऊ पडलंय, बगा. नव्या कापडातून उतरतच न्हाई."

"आणि मी काय नेसू?"

गयाबाईनं मान सुद्धा वर केली नाही. "तुम्हाला कुठं जायचंय? भांडायला लुंगी बी चालती!"

*

रिठे सुकवून कुटले की त्याची धूळ उडते. ती नाकात गेली की माणूस शिंकून बेजार होतो. हे आम्हाला माहीत नव्हतं. शेजारच्या घरी त्याच दिवशी मुलगी बघायला पाहुणे आलेले. मध्ये फक्त कमरेएवढी भिंत.

मुलाचा मामा म्हणाला, "मग ठरलं म्हणायचं का?"

आमच्या अंगणातून शिंक!

मामानं हातातली सुपारी खाली ठेवली. चहा आला, पुन्हा सुपारी हातात घेतली. "हं, तर मग..."

पुन्हा शिंक! ह्या वेळेला दोघींची एकदम!

मुलीचा बाप भिंतीशी येऊन हात जोडायला लागला, "वैनी, जरा थांबा हो. पोरीचं जमायलंय."

गयाबाईनं मुसळ खाली ठेवलं. तेवढ्यात वारा फिरला. धूळ भिंतीवरून गेली आणि तो मामाच सुपारी धरून असा शिंकला की सुपारी चहात पडली.

गयाबाई भिंतीवरून म्हणाली, "पाव्हणे, आता आमची शिंक धरायची का तुमची?"

लग्न ठरलं. पोरगी आता जळकोटला नांदते, सुखात आहे.

*

आमचं रिठ्याचं पाणी पाण्यासारखंच पातळ व्हायचं. लोकांना हँडवॉश म्हटलं की दाट पाहिजे. मग शांतानं जवस उकळून त्याचा चिकट गर त्यात घातला. झालं दाट! सगळ्या खूश. बाटल्या भरून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. आणि बाहेर पावसाळा सरल्यावरचं ऊन, जे कातडी सोलून काढतं.

दुपारी मी जरा आडवा झालो होतो. फाट! थोड्या वेळानं पुन्हा फाट! पत्र्यावर दगड पडल्यासारखं. मला वाटलं, मागच्या घरचा नामदेव. त्याचं माझं बांधावरून जुनं आहे. गेलो आणि त्याच्या दारात उभं राहून घसा बसेपर्यंत बोललो. तोही काही कमी बोलला नाही.

घरी आलो तर गयाबाई खोलीच्या दारात, चेहऱ्यावर चिकट गर, हातात बाटलीचं झाकण. "आंबलं हो सगळं. झाकणं उडायली."

तेव्हापासून थोडं थोडंच करतात आणि लगेच वापरून संपवतात. नामदेवाकडं मी माफी मागायला गेलो नाही. ताज्यातली एक बाटली पाठवून दिली.

त्यानं घेतली. घेताना एवढंच विचारलं, "उडंल का?"

*

नांदेडला गयाबाईच्या बहिणीकडं आम्ही दोन बाटल्या नेल्या होत्या. पुन्हा गेलो तर दोन्ही शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या गुलाबाशेजारी. आतलं पाणी काळं पडलेलं.

"अगं, वापरलं कामून न्हाईस?"

"एवढं कष्टाचं कसं वापरू? पाव्हण्यांसाठी ठेवलंय."

आम्ही पाहुणेच होतो. जेवायच्या आधी आमच्या हातात साबणाची चिप्पी दिली!

*

शांता मात्र नेमानं त्यानंच हात धुवायची. घासायचं काम मोजे घालून. रात्री मलम. मी विचारलं की म्हणायची, "बरं हाय, आबा," आणि हात पदराखाली घ्यायची. नवरा गेल्यापासून त्या खिचडीवरच तिचं घर चाललंय, दोन लेकरं शिकतायत. हात मला दाखवत नव्हती त्याचं मला काही वाटलं नाही. पण आमच्या गयाबाईलाही दाखवत नव्हती. मग आम्ही विचारणंच सोडलं.

एक दिवस सकाळी ती आमच्याच स्वयंपाकघरात पोह्यांवर लिंबू पिळत होती. एकदम किंकाळी! मी पायात चप्पल न घालता धावलो, गयाबाई मोरीतून धावली. मला वाटलं, बोट कापलं.

शांता हातातलं लिंबू बघत उभी. डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं? झोंबलं?"

"न्हाई, काकू," ती म्हणाली. "झोंबलंच न्हाई!"

पोहे त्या दिवशी इतके आंबट झाले होते की तोंडात घालवत नव्हते. सगळ्यांनी संपवले.

*

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत मीटिंग. मी कुणी सभासद नाही, पण मला कोण अडवणार? जाऊन कठड्यावर बसलो. तक्रार केलेल्या आया आल्या होत्या. अध्यक्ष खुर्चीवर.

"हां शांताबाई, दाखव हात."

तिनं दोन्ही हात पुढं केले. आधी तळवे, मग पालथे. एक आई उठली, जवळ गेली, तिनं शांताचं बोट धरून दाबून बघितलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा बरे हायत की!"

अध्यक्ष म्हणाला, "ठीक हाय. काम चालू ठेव." मग उठला, तंबाखूचा तळहात विजारीला पुसला आणि खिचडीच्या पातेल्याकडं निघाला. "बघू आज कशी केलीय." असं म्हणून त्यानं पातेल्यात बोट घालायला हात लांब केला.

शांतानं झाकण लावलं.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "आता तुमचे दाखवा."

अध्यक्षानं आयांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी आभाळाकडं बघितलं. मग तो नळाकडं चालायला लागला. तिथं पोरं हात धुवायला रांगेत उभी होती. तो सरळ पुढं जाऊन आमच्या रिठ्याच्या बाटलीचा पंप दाबणार, तर पहिलीतली एक पोरगी त्याच्या सदऱ्याला धरून म्हणाली,

"ओ काका, मागं जा. मावशी रागावती."

अध्यक्ष मागं जाऊन उभा राहिला.