पाच शेगड्या, पाच मतं

कलकत्त्यात बालीगंजच्या मिशन होस्टेलात आम्ही पाच शिक्षिका राहत होतो. मी नगरची, बाकीच्या चौघी बंगाली. सगळ्या बिनलग्नाच्या आणि सगळ्या एकाच चर्चच्या सभासद. देखरेखीला एक इंग्रज मिसबाई होत्या. जेवण सगळ्यांचं एकाच आचाऱ्याच्या हातचं.

साहेबाचं राज्य गेलं, तशी आमच्या अँग्लिकन मंडळीनेही कारभारासाठी नवी समिती नेमायची आणि तिचे नियम लिहायचे ठरवलं. मसुदा चर्चच्या दारावर लागला. मी तो उभ्या उभ्या वाचला. प्रत्येक घराला एक मत, ते घरप्रमुखाने द्यायचं. घर म्हणजे एका चुलीवरचं जेवणारी माणसं. म्हणजे आम्हा पाचजणींचं मत मिसबाईंच्या पर्समध्ये! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. देशाच्या पहिल्या निवडणुकीत मी नुकतंच मत देऊन आले होते, तेही कुणाला न विचारता.

सभेत मी उठले. "प्रभुभोजनाची भाकर प्रत्येकीच्या हातावर ठेवता, तेव्हा घरप्रमुखाला विचारता का?"

आमचे पाळकसाहेब म्हणजे वयस्कर बंगाली गृहस्थ. समजूत घालत म्हणाले, "दिदिमणी, एका घरात पाच मतं झाली की भांडणं होतात."

नियम मंजूर झाला. आमच्या वतीने मिसबाईंनी हात वर केला.

ठीक आहे, म्हटलं, मग नियमानेच होऊ दे. दुसऱ्या दिवशी बाजारातून पाच शेगड्या आणल्या आणि होस्टेलच्या व्हरांड्यात ओळीने मांडल्या. आचाऱ्याला सांगितलं, आमचं रांधू नकोस. मी पिठलं टाकलं, बाकीच्यांनी मासळी. सगळ्यांत धाकटीला स्वयंपाक येतच नव्हता. तिचा भात रोज करपायचा. पण शेजारच्या शेगडीवरचा घास तिने घेतला नाही, आणि आम्हीही दिला नाही. एक घास दिला असता तर पुन्हा एक घर झालं असतं. फार वाईट वाटायचं मला तेव्हा.

धुराने मिसबाईंचे पडदे काळे पडले. "हे किती दिवस चालणार?" त्यांनी खोकत विचारलं.

"मतदारांची यादी होईपर्यंत," मी म्हटलं.

यादी करायला पाळकसाहेब स्वतः आले. व्हरांड्यात डोळे पुसत उभे राहिले.

"घरप्रमुख कोण?"

"मी."

पुढच्या शेगडीपाशी गेले. तिथेही "मी." असं पाच वेळा झालं. करपलेल्या भातासमोर बसलेली धाकटी कधी कुणाशी मोठ्याने बोलत नसे. तिचा "आमी", म्हणजे बंगालीतला "मी", गेटपर्यंत ऐकू गेला.

पाळकसाहेबांनी पाचही नावं लिहिली. वही मिटून मला म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता तरी एकत्र जेवा."

"आधी नियम बदला."

नियम बदलायला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस मी माझं पिठलं एकटीने खाल्लं, पण घरप्रमुख म्हणून खाल्लं.