ब्लोअरची पिन

त्यांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. दुकान शोभेच्या माशांचं. भिंतभर काचेच्या टाक्या आणि प्रत्येक टाकीत तळातून वर येणारे बुडबुडे. म्हणून माणसाचंच नाव बुडबुडे पडलं. एकदा कुरिअरवाल्याने पाकिटावर तेच नाव वाचून दाखवलं. त्यांनी मुकाट्याने सही केली. "आता खुलासा कोण करत बसणार?"

आधी ते टेम्पो चालवायचे. पाणी भरलेल्या पिशव्यांतून मासे दुकानोदुकानी पोचवायचे. खड्डा आला की गाडी अशी अलगद काढायचे, जणू मागे बाळंतीण बसली आहे. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. पहिल्याच उन्हाळ्यात वीज गेली, टाक्यांतली हवा थांबली आणि अंधार पडायच्या आत निम्मं दुकान मेलं. तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला.

इन्व्हर्टर आणला तेव्हा वायरमन म्हणाला, "एक पंखा, एक दिवा जोडून देतो."

"काही नको. फक्त ब्लोअर."

ब्लोअर म्हणजे कोपऱ्यातला हवेचा पंप. सगळ्या टाक्यांना नळ्यांमधून हवा पुरवणारा.

"आणि तुम्ही काका, घामात पोहणार?"

"मला नाक आहे."

वीज गेली की दुकानात काळोख, पण टाक्या खळखळत असायच्या. बायको पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. सगळ्यात मोठ्या टाकीत साहेब होता. काळा-नारिंगी, हाताच्या पंजाहून मोठा, कपाळावर कायमची आठी. टाकी त्याला आता अपुरी पडायची. गिऱ्हाइकाने काचेवर टकटक केली की तो पाठ फिरवायचा. बुडबुड्यांच्या बोटांतून मात्र खायचा. दुकानात तेवढाच एक जीव विकायला नव्हता.

"माझ्याशी एवढं बोलला असतात," बायको म्हणायची, "तर संसार सोन्याचा झाला असता."

"तो उलटून बोलत नाही."

त्या दिवशी भर दुपारी वीज गेली. चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाला, असं पानवाला सांगून गेला. ब्लोअर इन्व्हर्टरवर चालू झाला. बुडबुडे निर्धास्त होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सून जिना धडधडत खाली आली. तिच्या सासूला, म्हणजे वरच्या मावशींना, श्वासाचं मशीन लागायचं. ते विजेवर चाललं की त्यांना प्राणवायू मिळायचा. एरवी वीज गेली तर सिलिंडर असायचा. आज तो रिकामा होता. मुलगा भरून आणायला गेला होता आणि तिथेही वीज नव्हती.

"काका, आईंचे ओठ निळे पडतायत."

बुडबुडे उठले. सुनेने वरच्या खिडकीतून वायर खाली सोडली, त्यांनी ती इन्व्हर्टरला जोडली. वर मशीन सुरू झालं आणि खाली इन्व्हर्टर किंचाळायला लागला. दोन्हींचा भार त्याला पेलवेना.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ब्लोअरची पिन काढली.

किंचाळी थांबली. टाक्यांतली खळखळही थांबली.

"येईल वीज एवढ्यात," ते म्हणाले.

वीज आली नाही. वीज मंडळाचा फोन कुणी उचलेना. उकाड्याने पाणी कोमट झालं. आधी गोल्डफिश वर आले, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळू लागले. मग एंजल. दोघा नवरा-बायकोने प्लास्टिकचे मग हातात घेतले. पाणी उचलायचं, उंचावरून परत टाकीत ओतायचं. तेवढीच हवा मिसळते. एका टाकीवर उभं राहिलं की दुसरीतले मासे आडवे होत. हात दोनाचे चार होऊन काय पुरणार होते?

साहेब पृष्ठभागाला टेकला होता. कल्ले भराभर उघडत होते, मिटत होते. त्याने आज पाठ फिरवली नाही.

बुडबुडे जिन्याच्या पायथ्याशी गेले.

"सूनबाई, अगदी थोडा वेळ ते मशीन..."

ती दारात आली. तिच्या मागून मावशींच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"बंद करू का, काका?" तिने विचारलं. खरंच विचारलं. वीज त्यांची होती.

"छे, छे. नीट चाललंय ना, एवढंच विचारत होतो."

आतून मावशींचा तुटक आवाज आला. "बुडबुड्या... वर ये... चहा पी..."

"नंतर येतो, मावशी!"

खाली येऊन त्यांनी पुन्हा मग उचलला.

ऊन कलल्यावर मुलगा रिक्षातून सिलिंडर घेऊन उतरला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. वायर ओढून घेतली गेली. बुडबुड्यांनी धावत ब्लोअरची पिन लावली. ब्लोअर घरघरला. सगळ्या टाक्यांत एकदम बुडबुडे उठले. इन्व्हर्टर पीप-पीप करू लागला आणि बंद पडला. बॅटरी संपली होती.

मुलगा खाली आला. हात जोडूनच आला. "काका, तुम्ही नसता तर..." पुढे त्याला टाक्या दिसल्या. त्याचे हात जोडलेलेच राहिले.

"सिलिंडर खाली आणू का? नळी यात सोडली तर यांना हवा मिळेल ना?"

"मिळेल."

"मग आणतो. आईला जरा बरं आहे."

"आणखी एक भरून मिळेल?"

मुलाने मान हलवली. हाच शेवटचा मिळाला होता.

"मग वरच असू दे."

"थोडाच वेळ, काका."

"वर जा म्हणतो ना!" बुडबुडे ओरडले. ते कधी कुणावर ओरडत नसत. मुलगा गेला.

फायटर मासे आपापल्या बरण्यांत ताजेतवाने फिरत होते. ते वरची हवा घेऊन जगतात, त्यांना कुणाची गरज नसते. बाकीच्या टाक्यांत पांढरी पोटं वर येत होती. बुडबुडे मोठ्या टाकीपाशी उभे राहून पाणी उचलत होते, ओतत होते. साहेब धारेबरोबर हलायचा. धार थांबली की एका कुशीवर कलंडायचा.

बायकोने त्यांचं मनगट धरलं. "अहो. गेला तो."

"हलतोय की."

"तुम्ही हलवताय."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि हातातला मग पुन्हा पाण्यात बुडवला. वीज अजून आली नव्हती.